हिरवळीच्या आधीचं गवत

अमेरिकेतल्या घरांपुढची हिरवळ कुठे घडली असं कुणी विचारलं, तर मी मिलवॉकीचं नाव घेते. लोकांना वाटतं, गवत काय, ते आपलं आपण उगवतं. पण दारापुढे एकाच जातीचं, एकाच उंचीचं, तण नसलेलं गवत वर्षानुवर्षं राखायचं तर कापायचं यंत्र लागतं, खत लागतं आणि ते कापलंच पाहिजे असं बजावणारा कायदा लागतो. यंत्राचं इंजिन आणि खत विस्कॉन्सिन राज्यातल्या या शहराने साऱ्या देशाला पुरवलं. आणि त्या कायद्याला पहिले धक्के बसले तेही याच शहराला चिकटून असलेल्या वस्त्यांमध्ये. मी तिथून सव्वाशे किलोमीटरवर, मॅडिसनला राहते. माझ्या दारापुढे आता हिरवळ नाही. तिच्या जागी काय आहे ते पुढे येईलच, पण आधी ती आली कुठून ते सांगायला हवं. ती गेली तर बिघडत नाही, हे मला तिचा इतिहास वाचूनच पटलं.

मिलवॉकीला १९०८ साली ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही कंपनी निघाली. लहान पेट्रोल इंजिनं हा पुढे तिचा मुख्य धंदा झाला. वीज न पोचलेल्या शेतघरांत कपडे धुण्याची यंत्रं या इंजिनांवर चालत. खेड्यांत वीज आली तसं ते गिऱ्हाईक आटलं, पण तोवर शहरांभोवती नव्या घरांच्या वसाहती उठू लागल्या होत्या. १९५३ मध्ये कंपनीने ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन बाजारात आणलं. ते गवतकापणीच्या यंत्रावर बसलं आणि शनिवारी सकाळी घरटी एक इंजिन फुरफुरू लागलं. मिलवॉकीच्या दक्षिणेला रसीन गाव आहे. तिथली जेकबसेन कंपनी तर १९२० च्या दशकापासूनच इंजिनवर चालणारी कापणीयंत्रं करत होती.

खताची गोष्ट जास्त नवलाची आहे. मिलवॉकीच्या जोन्स आयलंडवर मैलापाणी शुद्ध करण्याचा कारखाना उभा राहिला, तेव्हा उरलेल्या गाळाचं करायचं काय हा प्रश्न आला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शेती महाविद्यालयात ओ. जे. नोअर या तरुणाने त्या वाळवलेल्या गाळाचे प्रयोग केले. गोल्फच्या मैदानांवरच्या गवताला तो उत्तम मानवला. १९२६ पासून तो ‘मिलॉर्गनाइट’ नावाने पोत्यांतून विकला जाऊ लागला, आणि आजही विकला जातो. एका शहराने आपली घाण मिशिगन सरोवरात न सोडता तिचं खत केलं याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. ज्या गवतातून कुणाला दाणा मिळत नाही की वैरण, त्याला खत घालायची सवय एका देशाला लागली.

यंत्राचा मूळ जन्म मात्र इंग्लंडमधला. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडच्या खोऱ्यात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची उठलेली लव सारखी कातरायला तिथे फिरत्या पात्यांचं यंत्र वापरत. एडविन बडिंग याने तीच युक्ती जमिनीवर आणली आणि १८३० साली तिचं पेटंट घेतलं. तोवर हिरवळ म्हणजे लांब दांड्यांच्या कोयत्यांनी पहाटेच्या दवात गवत कापणारी माणसं, नाहीतर मेंढ्या पदरी बाळगण्याची ऐपत. ती ऐपत पुढे साध्या घरांपर्यंत पोचली ती यंत्रामुळे. अमेरिकेत तिला रूप दिलं नगररचनेने. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने १८६९ मध्ये शिकागोजवळ रिव्हरसाइड ही वसाहत आखली, तेव्हा प्रत्येक घर रस्त्यापासून ३० फूट मागे असावं असा नियम घातला. पुढच्याच वर्षी फ्रँक स्कॉट याचं उपनगरी घरांच्या बागांवरचं पुस्तक आलं. आपली बाग कुंपणाआड लपवून शेजाऱ्याला दिसू न देणं त्याला स्वार्थीपणाचं वाटे. इथून पुढे अमेरिकन घराची पुढची जागा मालकाची असूनही साऱ्या गल्लीच्या नजरेची झाली.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. आपल्याकडे अंगण घराचं असतं. तिथे धान्य वाळतं, तुळस असते, पाहुण्याची बाज पडते. परस तर घरातल्या बाईचाच, मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ वाढवायचा. अमेरिकन हिरवळीवर मात्र कुणी बसलेलं दिसत नाही. ती रस्त्याकडे तोंड करून उभी असते, आणि घरमालक तिच्यावर राबतो तो लोकांसाठी.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे लेखी बंधन झालं. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन उभं राहिलं, एका साच्यातली हजारो घरं. तिथल्या करारात उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा गवत कापण्याची अट होती. त्याच वसाहतीच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहू नये असंही कलम होतं. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला, तरी विकणाऱ्यांनी आपलं धोरण बदललं नाही. ही दोन कलमं शेजारी शेजारी वाचली तेव्हा मला आमच्या मंडळातल्या एका काकांची आठवण आली. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर जे आपले लोक इकडे आले त्यांतले ते. घर घेतलं तेव्हा त्या गल्लीत सावळं कुटुंब त्यांचं एकटंच. ते आठवड्यातून दोनदा गवत कापत. “अगं, आपलं गवत त्यांच्यापेक्षा एक बोटसुद्धा वर दिसता कामा नये,” असं ते मला म्हणाले होते. त्यांच्या हिरवळीत मला हौस कधी दिसली नाही. त्यांच्या लेखी तो या गल्लीत राहू देण्याचा परवाना होता आणि दर आठवड्याला त्याचं नूतनीकरण करावं लागे.

हिरवळ एकजातीची झाली त्याला एक रसायनही कारण आहे. आधी बियाण्याच्या मिश्रणात पांढरा क्लोव्हर मुद्दाम घालत. तो कडधान्यांच्या कुळातला, हवेतला नत्र मुळांशी साठवणारा. १९४५ च्या सुमाराला २,४-डी हे तणनाशक बाजारात आलं. रुंद पानांचं सगळं त्याने मरतं, आणि क्लोव्हर रुंद पानांचा. फुकट मिळणारा नत्र गेला आणि पोत्यातल्या खताची गरज वाढली. उरलं ते केंटकी ब्लूग्रास. नावात केंटकी असलं तरी ते मूळचं युरोपातलं, वसाहतवाल्यांच्या वैरणीबरोबर समुद्र ओलांडून आलेलं. २००५ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या एका अभ्यासाने अमेरिकेतल्या अशा कापीव गवताचं क्षेत्र सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर धरलं. महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक.

आणि ज्या जमिनीवर हे पसरलं ती मोकळी नव्हती.

मॅडिसन चार तळ्यांच्या मधोमध वसलंय. हा होचंक या मूळनिवासी लोकांचा मुलूख. त्यांच्या पूर्वजांनी रचलेले पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे आजही शहरात आहेत. मेंडोटा तळ्याच्या काठी मनोरुग्णालयाच्या आवारात असलेल्या एका पक्ष्याच्या पंखांचा पसारा ६२४ फूट आहे. आज तो कापलेल्या हिरवळीखाली निजलेला दिसतो. इथले लोक गवताळ प्रदेशाला ठरावीक काळाने आग लावत. आगीने झुडपं मरत, गवत मरत नसे, कारण त्याचा जीव जमिनीखाली. प्रेअरी म्हणतात ती ही. युरोपीय वस्तीच्या आधी विस्कॉन्सिनमध्ये सुमारे २१ लाख एकर प्रेअरी होती असं मानतात. १८३७ साली दोन गोष्टी घडल्या. होचंकांकडून विस्कॉन्सिनमधली उरलेली जमीनही काढून घेणारा करार झाला, आणि शेजारच्या इलिनॉयमध्ये जॉन डीअर या लोहाराने पोलादी नांगर केला. प्रेअरीची चिकट काळी माती आधीच्या नांगरांना सोडत नसे, पोलादावरून ती घसरली. होचंकांना पुन्हा पुन्हा मिसिसिपीपलीकडे हाकललं गेलं, आणि ते पुन्हा पुन्हा पायी परत आले. प्रेअरीला पाय नव्हते. ती अर्धा टक्काही उरली नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला परकं वाटलं नाही. मी सोलापूरकडची. आमच्याकडच्या माळरानाचं असंच झालं. कुसळी, पवन्या, मारवेल यांचा तो माळ, मेंढपाळांचा, लांडग्यांचा, माळढोकाचा. सरकारी कागदात तो पडीक. पडीक म्हणून त्यावर चर खणून सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, नीलगिरी लावली, आणि उरलेला उसाखाली नाहीतर प्लॉटिंगखाली गेला. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तोवर बराच माळ संपला होता. प्रेअरीचं नातं आमच्या रानाशी नुसतं दिसण्याचं नाही, रक्ताचं आहे. इथलं बिग ब्लूस्टेम आणि इंडियनग्रास ही उंच गवतं ज्वारीच्याच गोतातली. सप्टेंबरात इंडियनग्रासला सोनेरी तुरे येतात, तेव्हा मला मालदांडीचं रान आठवल्याशिवाय राहत नाही.

आबा, माझे वडील, एकदा इकडे राहायला आले होते. संध्याकाळी फिरायला निघालो की घरामागून घर हिरवळ बघत. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “ह्ये गवत कुणाची जनावरं खात्यात गं?” कुणाचीच नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग कापून टाकत्यात कुठं?” पिशव्यांत भरून नगरपालिकेच्या गाडीत, असं मी सांगितलं. त्यांनी जन्मभर शेतातली हरळी कुदळीने खणून काढली होती, कांडी न् कांडी वेचून. तीच हरळी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत बर्म्युडा ग्रास म्हणून अंगणांत आणि गोल्फच्या मैदानांवर मुद्दाम लावतात, हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग एवढंच म्हणाले, “गणपतीला वाहायपुरती ठीक हाय.”

प्रेअरी परत आणता येते का, हा प्रश्न जगात सर्वांत आधी मॅडिसनमध्ये गंभीरपणे विचारला गेला. विद्यापीठाने शहराच्या दक्षिणेला मोडक्या शेतजमिनी घेऊन वनस्पती उद्यान उभारलं. १९३४ च्या जूनमध्ये त्याचं उद्घाटन झालं. विद्यापीठातले निसर्गअभ्यासक आल्डो लिओपोल्ड तिथे बोलले. त्यांचं म्हणणं असं की इथे देशोदेशीची झाडं जमवू नका, ही भूमी आपण यायच्या आधी कशी होती ते उभं करा. पुढच्या वर्षी थिओडोर स्पेरी हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ कामाला लागला. महामंदीचे दिवस होते. सरकारी रोजगार योजनेतली बेकार तरुण पोरं छावणीत राहून काम करत. दूरच्या रेल्वेकडेच्या पट्ट्यांतून, जुन्या दफनभूमींतून प्रेअरीचे गड्डे खणून आणायचे आणि घोड्यांच्या जुन्या कुरणात लावायचे. हे वाचताना मला बहात्तरच्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं आठवली. आई तेव्हा पाझर तलावाच्या कामावर जायची. पोटासाठी केलेली मजुरी जमिनीवर किती काळ टिकून राहते, याचे हे दोन दाखले मला माहीत आहेत.

त्या कुरणातला सगळ्यात चिवट शत्रू कोण, तर ब्लूग्रास. लावलेल्या रोपांना ते दाबून टाकी. १९४० च्या दशकात जॉन कर्टिस आणि मॅक्स पार्च यांनी तुकड्या-तुकड्यांना आग लावून पाहिली. वसंतात आग लावली की लवकर फुटणारं ब्लूग्रास होरपळतं आणि उशिरा जागी होणारी प्रेअरी जोम धरते, हे त्यांनी मोजून दाखवलं. होचंकांनी शतकानुशतकं जे केलं त्याला विज्ञानाची पावती मिळाली ती अशी. आज त्या रानाला कर्टिसचं नाव आहे.

लिओपोल्ड यांनी त्याच काळात एका दफनभूमीच्या कोपऱ्याबद्दल लिहिलं. सॉक परगण्यात रस्त्याकडेला कुंपणाआड हातभर जागेत कंपास प्लांट उरला होता. सूर्यफुलासारखी पिवळी फुलं, माणसाहून उंच. एका वर्षी रस्त्याच्या कामात कुंपण हललं आणि तो कापला गेला. १९४९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकात तो लेख आला. एकदा त्यांनी त्याचं मूळ खणायचा प्रयत्न केला आणि शेवटी हात टेकले, हेही त्यात आहे. ती मुळं किती खोल जातात हे नेब्रास्कात जॉन वीव्हर यांनी चर खणून, माती अलगद काढून, कागदावर रेखाटून ठेवलं. माणूस उभा मावेल असे ते चर.

पण विद्यापीठाचं रान वेगळं आणि माणसाचं दार वेगळं. रान ते दार हा प्रवास एका बाईने घडवला. लॉरी ऑटो. जन्म १९१९, मॅडिसनजवळच्या शेतघरातला. संसार मिलवॉकीच्या उत्तरेला, सरोवराकाठच्या बेसाइड गावात. त्या भागात एल्मच्या झाडांचा रोग आटोक्यात आणायला डीडीटी फवारत आणि मग रॉबिन पक्षी तडफडून मरत. बाईंनी मेलेले रॉबिन गोळा केले आणि गावाच्या कारभाऱ्यांपुढे नेले. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्या थांबल्या नाहीत. पर्यावरणासाठी कोर्टात लढणाऱ्या वकिलांना आणि शास्त्रज्ञांना त्यांनी विस्कॉन्सिनमध्ये आणलं. डिसेंबर १९६८ पासून पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत मॅडिसनमध्ये डीडीटीची सुनावणी चालली. १९७० मध्ये राज्याने डीडीटी बंद केलं, १९७२ मध्ये देशाने.

त्याच बाईंनी आपल्या दारापुढचे ६४ नॉर्वे स्प्रूस काढून टाकले आणि उन्हाला वाट करून देऊन ॲस्टर, गोल्डनरॉड, नेचे वाढू दिले. गावाला ते तण वाटलं. गावाने माणसं पाठवून त्यांचं रान कापून टाकलं. बाईंनी शास्त्रज्ञ आणून एकेका झाडाची ओळख पटवून दिली आणि गावाकडून भरपाई वसूल केली. मला त्यांच्याबद्दल विशेष वाटतं ते यासाठी की पक्षी, कीटकनाशक आणि अंगण ही तीन वेगळी प्रकरणं आहेत असं त्यांनी कधी मानलं नाही. १९७९ मध्ये, नान्नजच्या अभयारण्याच्याच वर्षी, त्यांची व्याख्यानं ऐकलेल्या मोजक्या लोकांनी मिलवॉकीत ‘वाइल्ड वन्स’ ही संस्था काढली. सुरुवात झाली ती श्लिट्झ ऑड्युबन निसर्ग केंद्रात. बिअरच्या गाड्या ओढणारे घोडे विश्रांतीला पाठवत असत ती जागा. आता संस्थेच्या शाखा अनेक राज्यांत आहेत. लॉरीबाई २०१० मध्ये गेल्या.

कायद्याला धक्का बसला तो न्यू बर्लिनमध्ये, मिलवॉकीच्याच कडेला. डोनाल्ड हेगर या वन्यजीव अभ्यासकाने आपल्या जागेत रान वाढू दिलं. गवत १२ इंचांच्या वर जाऊ देऊ नये असा शहराचा नियम होता. शहराचं म्हणणं, याने परागकणांचा त्रास होईल, आग लागेल, उंदीर होतील. हेगरच्या बाजूच्या तज्ज्ञांनी एकेक मुद्दा खोडला. १९७६ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने तो नियम टिकणार नाही असा निकाल दिला. हा निकाल खालच्या कोर्टाचा, साऱ्या देशाला बांधील नव्हे. पण पुढे जिथे जिथे दारापुढच्या रानावरून खटले झाले तिथे लोकांनी त्याचा आधार घेतला. मॅडिसन शहराने नैसर्गिक अंगणाला रीतसर परवानगी देण्याची वाट त्यानंतर लवकरच काढली.

माझ्या दारापुढे असं रान आहे ते पावसाचं पाणी जिरवणाऱ्या खळग्यात. त्याला रेन गार्डन म्हणतात. तिचा उगम मात्र विस्कॉन्सिनचा नाही, तो मेरीलँडचा. १९९० मध्ये तिथल्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात समरसेट नावाची वसाहत होत होती. पावसाचं वाहतं पाणी साठवायला मोठं तळं खणायचं, ही तेव्हाची रूढ पद्धत. बांधकाम करणारे डिक ब्रिंकर यांनी विचारलं, त्याऐवजी प्रत्येक घराच्या आवारातच थोडं थोडं पाणी जिरवलं तर? परगण्यातले लॅरी कॉफमन आणि त्यांचे सहकारी कामाला लागले, आणि घरटी ३०० ते ४०० चौरस फुटांच्या उथळ, झाडं लावलेल्या बागा झाल्या. खर्च तळ्यापेक्षा पुष्कळ कमी आला.

पाणी अडवा, पाणी जिरवा, हे ऐकत मी वाढले. समतल चर, बांधबंदिस्ती, पाझर तलाव आमच्या शिवारात होते. रेन गार्डन हे घरापुरतं तेच काम. फरक कारणात आहे. आमच्याकडे पाणी जिरवायचं ते विहिरीला यावं म्हणून. इथे जिरवायचं ते तळं नासू नये म्हणून. उन्हाळ्यात मेंडोटा तळ्यावर शेवाळाची हिरवी साय येते आणि तिचा वास गल्लीपर्यंत पोचतो. राज्याच्या नैसर्गिक संपदा खात्यातले रॉजर बॅनरमन यांनी वर्षानुवर्षं शहराच्या गटारांतून वाहणारं पाणी तपासलं. १९९० च्या दशकात मॅडिसनमध्ये झालेल्या मोजणीत तळ्यात जाऊन शेवाळ पोसणाऱ्या स्फुरदाचे मोठे उगम निघाले रस्ते आणि हिरवळी. मग आमच्या डेन परगण्याने २००५ पासून हिरवळीच्या खतातल्या स्फुरदावर बंदी घातली, आणि २०१० मध्ये सबंध राज्याने. पोत्यातून जे खत देशभर गेलं त्याचा हिशेब इथल्याच तळ्यांनी मांडला.

बॅनरमन यांच्या सहभागाने मॅडिसनमध्ये आणखी एक प्रयोग झाला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. २००४ ते २००८ अशी पाच वर्षं रेन गार्डनांच्या जोड्या शेजारी शेजारी ठेवून मोजल्या. एका खळग्यात हिरवळ, दुसऱ्यात प्रेअरी. एक जोडी वाळूच्या जमिनीत, एक चिकणमातीत. खरं सांगायचं तर पाणी जवळपास सगळं दोन्हींनी जिरवलं. खळगा पुरेसा मोठा असला की हिरवळही नापास होत नाही. पण चिकणमातीत हिरवळ तासाला ०.२८ इंच पाणी घेत होती आणि प्रेअरी ०.८८ इंच. खणून पाहिलं तेव्हा हिरवळीची मुळं अर्ध्या फुटाच्या आत संपली होती. प्रेअरीची ४.७ फुटांवर पोचली होती, घट्ट मातीचे थर फोडून. मिनेसोटातल्या बर्न्सव्हिलमध्ये एका जुन्या वसाहतीत १७ रेन गार्डन्स केल्या, तर रस्त्यावरून वाहून जाणारं पाणी सुमारे ९० टक्क्यांनी घटलं. तुलनेला शेजारची तशीच वसाहत ठेवली होती, म्हणून त्या आकड्यावर माझा विश्वास आहे.

आता माझ्या दाराविषयी. उतार रस्त्याकडे, माती चिकण, घराच्या कोपऱ्यावरून पन्हळाचा पाइप उतरतो. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की जवळपास २,३६० लिटर पाणी खाली येतं, आणि ते सरळ गटारात जाई. गवत खणून काढलं नाही. शरद ऋतूत त्यावर खोक्यांचे पुठ्ठे अंथरले, वर लाकडाचा भुगा, आणि हिवाळाभर त्याला उजेड मिळू दिला नाही. वसंतात घराच्या पायापासून दहा फूट सोडून खळगा घेतला. विद्यापीठाच्या विस्तार सेवेने आणि राज्याच्या खात्याने मिळून काढलेली पुस्तिका होती, तिच्याप्रमाणे आधी खड्ड्यात पाणी ओतून किती वेळात उतरतं ते पाहिलं. तळ सपाट, खोली सहा इंच, निघालेली माती खालच्या बाजूला बांधासारखी. पाणी दिवसभरात जिरलं पाहिजे. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत लागणारे दिवस त्याला मिळत नाहीत.

तळाशी ब्लू फ्लॅग आयरिस, कार्डिनल फ्लॉवर, जो-पाय आणि पाणथळीतलं मिल्कवीड. काठावर लिटल ब्लूस्टेम, प्रेअरी ड्रॉपसीड, इंडियनग्रास. वरच्या कोरड्या कोपऱ्यात कंपास प्लांट. मिल्कवीडवर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या येतात. मिल्कवीडचा पांढरा चीक बोटाला लागला तेव्हा मला मारुतीच्या देवळाबाहेरची रुईच्या पानांची माळ आठवली. दोन्ही एका कुळातली, आणि आमच्या रुईवर वाढणारं केशरी फुलपाखरू हे मोनार्कचं जवळचं भावंड.

स्थानिक झाडं लावण्याचा मला, बाहेरून आलेल्या बाईला, काय अधिकार असं एका तरुण मुलीने मला विचारलं होतं. प्रश्न प्रामाणिक होता. ब्लूग्रासही बाहेरून आलं आणि मीही. ब्लूग्रासने इथलं काही जागवलं नाही, एवढा फरक मला करता येतो, आणि तो मी करते. काकांना जे गवत परवाना म्हणून वाढवावं लागलं ते मला तसं वाढवावं लागत नाही, हे त्यांच्या पिढीच्या राबण्याने झालं, याचीही मला जाण आहे.

२० ऑगस्ट २०१८ च्या रात्री आमच्या परगण्याच्या पश्चिम भागात काही ठिकाणी दहा इंचांहून जास्त पाऊस झाला. रस्त्यांच्या नद्या झाल्या, एक माणूस वाहून गेला, पुढे कित्येक आठवडे तळी काठाबाहेर राहिली. माझा खळगा तासाभरात भरून वाहिला. अशा पावसापुढे सहा इंचांची बाग काहीच नव्हे, आणि ती पूर थांबवते असं जे सांगतात ते तिचं नुकसान करतात. तिचं काम अर्ध्या इंचाच्या, पाऊण इंचाच्या पावसाचं. वर्षातले बहुतेक पाऊस तेवढेच असतात, आणि रस्त्यावरची माती, पानं, स्फुरद उचलून तळ्यात नेतात ते तेच. तो पाऊस आता माझ्या दारातून पुढे जात नाही.

कोपऱ्यावरच्या घरातल्या शेजारणीने यंदा तिच्या पन्हळाखालचा तुकडा मोकळा केलाय. तिच्यासाठी मी बी काढून ठेवलंय. मिल्कवीडचं कापूस उडायच्या आधी शेंगेतून, ड्रॉपसीडचं सप्टेंबरात, कंपास प्लांटचं खारींनी खाऊन उरलं ते. यांतलं बरंचसं बी थंडी खाल्ल्याशिवाय रुजत नाही, म्हणून ते नोव्हेंबरात, जमीन गोठायच्या जरा आधी उघड्या मातीवर टाकायचं आणि पायाने दाबायचं. झाकायचं नाही. कंपास प्लांट कित्येक वर्षं नुसती पानंच काढील, फुलणार नाही. तेवढ्यात तो वाया गेला समजून उपटू नकोस, हे मी तिला दोनदा सांगितलंय.